बोट की तळहात

"ह्या लॅपटॉपला माझं बोट दिसत नाही गं," असं अक्का फोनवर म्हणाली, तेव्हा मी बंगळुरात एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. मला हसू आलं. म्हटलं, "अक्का, त्याला डोळे कुठे आहेत? बोट दिसायचं कसं?"

"मग तुझं कसं दिसतं? रविवारी तू इथे बसलीस तेव्हा बाण बरा पळत होता."

 म्हटलं, येते रविवारी.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. शिलाई आमच्या घराण्यात चालत आलेली. आमची माणसं बंगळुरात नेमकी कधी आली ते घरात कुणालाच सांगता येत नाही, इतकं ते जुनं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही चार शब्दांमागे एक कन्नड. मी शिवणाच्या वाटेला गेले नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे. त्यांनी लिहिलेलं कसं वापरायचं ते लोकांना समजेल असं लिहायचं, हे माझं काम. अक्का मात्र लग्न होऊन बंगळुराजवळच्या आनेकलला गेली आणि घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवायला बसली ती चाळीस वर्षं उठलीच नाही.

आता गुडघ्यांमुळे तिनं मशीन चालवणं बंद केलं होतं. त्याऐवजी ती रविवारी बायकांना कटिंग शिकवायची. आनेकलच्या आसपास कपड्यांचे कारखाने आहेत, तिथे काम करणाऱ्या बायका. त्यांचा हात मशीनवर अक्कापेक्षाही झरझर चालायचा. पण कारखान्यात एक बाई दिवसभर एकच काम करते. कुणी दहा वर्षं नुसत्या कॉलर लावल्या, कुणी नुसत्या बाह्या जोडल्या. सबंध ब्लाउज कापडावर आखून कापायला दिलं की त्या बावरून जायच्या. अक्का त्यांना कागदावर कटिंग काढून द्यायची, पाठ, पुढचा भाग, बाही, बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याची गोलाई. प्रत्येकीला वेगळं, हातानं. त्यातून तिच्या मनात आलं की हे एकदाच कॉम्प्युटरवर काढलं तर हवं तेव्हा छापून देता येईल.

माझा जुना लॅपटॉप पडून होता. फार मंद झाला होता, म्हणून ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं त्यावर लिनक्स घालून दिलं होतं. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट घेता येणारी आणि आत काय आहे ते उघडून बघता येणारी ही प्रणाली. लॅपटॉप पुन्हा बऱ्यापैकी चालू लागला. त्यात रेषा काढायचा एक चांगला प्रोग्रॅम होता. तो मी अक्काला दाखवला, आणि पुढच्याच आठवड्यात हा फोन.

रविवारी सकाळी आनेकलची बस धरली. अक्कानं उप्पीट करून ठेवलं होतं, पण लॅपटॉप आधीच समोर मांडलेला. ती जमिनीवर चटई टाकून बसते आणि पुढ्यात कटिंगचा मोठा पाट ठेवते. त्या पाटावर कापडाऐवजी लॅपटॉप होता.

"बघ आता," ती म्हणाली आणि तिनं टचपॅडवर बोट ठेवलं. बाण नीट सरकला. मी म्हटलं, "चालतंय की."

"स्वल्प थांब."

तिनं मुंढ्याची गोलाई काढायला घेतली. अर्धी रेष आली आणि बाण थांबला. बोट सरकतंय, बाण जागच्या जागी. तिनं बोट उचलून परत टेकवलं, दोन इंच सरकला, परत ठप्प. मी तिच्या हाताखालून लॅपटॉप ओढून घेतला आणि तीच गोलाई काढली. बाण कुठेही अडला नाही.

"बघितलंस?" अक्का म्हणाली. तिला राग नव्हता आला. तिचा चेहरा एखादं गिऱ्हाईक ब्लाउज परत घेऊन आल्यावर व्हायचा तसा झाला होता. चूक शिलाईत आहे की मापात, हे शोधण्याचा चेहरा.

मी जे कुणीही करील तेच केलं. दुसऱ्या दिवशी माऊस घेतला आणि पुढच्या रविवारी नेऊन दिला. तो पाटावरून घसरायचा. कापडाच्या तुकड्यांत अडकायचा. अक्कानं तासभर प्रयत्न केला आणि मग वायर गुंडाळून तो माझ्या पिशवीत ठेवला.

"माऊसनं होईल काम," ती म्हणाली. "पण मला ते नको. सगळ्यांची बोटं चालतात, माझं का चालत नाही, ते तू मला सांग. तू तिथेच काम करतेस ना?"

मी तिथेच काम करते हे खरं, पण टचपॅडच्या आत काय चालतं याचा मी जन्मात विचार केला नव्हता. बोट ठेवलं की बाण हलतो, एवढंच. मला वाटलं, अक्काच्या बोटांची कातडी कोरडी आणि राठ झाली असणार. आयुष्यभर सुई, कात्री आणि गरम इस्त्री. तो टचपॅड बहुधा तिचं बोट ओळखत नसेल. मग आम्ही प्रयोग सुरू केले. आधी टचपॅड पुसला. बोट ओलं केलं. खोबरेल तेल लावून बघितलं, त्यानं टचपॅडच तेलकट झाला. कसलाच फरक नाही. मग अक्का म्हणाली, "करंगळीनं बघते."

करंगळीनं बाण सुरळीत पळाला! एकदाही न अडता तिनं पूर्ण बाही काढली.

करंगळीची कातडीसुद्धा तिचीच. तीही तितकीच कोरडी. म्हणजे माझा अंदाज चुकला होता. बसमधून परत येताना मी तेवढाच विचार करत होते. चंदापुरला बस बराच वेळ थांबली आणि तिथे मला आणखी एक गोष्ट आठवली. अक्का टचपॅडवर पहिल्यांदा बोट ठेवते तेव्हा ते बिचकत, हलकंच ठेवते. तेव्हा बाण चालतो. मग तिचं लक्ष रेषेत लागतं, टचपॅडचा विसर पडतो, आणि नेमका तेव्हाच तो अडतो. भीत भीत टेकवलं की चालतं, मन लागलं की बंद. मला हे फार चमत्कारिक वाटलं. कोरड्या बोटाचं उलट असायला हवं होतं. जोरात दाबल्यावर जास्त कळायला हवं.

सोमवारी मी ऑफिसातल्या त्याच मैत्रिणीपाशी गेले. ती पुण्याची. माझं मराठी ऐकून तिला अजूनही गंमत वाटते, पण डोकं तल्लख आणि कुणाचंही कोडं सोडवायला तयार. मी तिला सगळं सांगितलं. करंगळीचं ऐकल्यावर तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"इंटरेस्टिंग," ती म्हणाली. "हे बघ, टचपॅडला बोट वगैरे काही कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की अमुक ठिकाणी काहीतरी टेकलंय आणि साधारण इतकं टेकलंय. तो एक आकडा पाठवतो. जितकं जास्त टेकेल तितका आकडा मोठा. त्या आकड्यावरून काय टेकलंय ते सॉफ्टवेअर ठरवतं."

"काय काय ठरवतं?"

"आकडा अगदी लहान असला तर नुसता ओझरता स्पर्श, सोडून द्या. मधला असला तर बोट. आणि फार मोठा असला तर तळहात. टाईप करताना तळहात टचपॅडवर टेकतो ना, तेव्हा कर्सर भलतीकडेच उडी मारतो. लोक वैतागायचे त्यानं. म्हणून तळहात वाटला की त्याकडे साफ दुर्लक्ष करायचं, असं लिहिलेलं असतं. हा मोठा आकडा कुठून सुरू होतो ते प्रत्येक मॉडेलला वेगळं ठरवावं लागतं. कुणीतरी बसून मोजतं आणि एका यादीत लिहितं."

"कोण मोजतं?"

"ज्याच्याकडे तो लॅपटॉप असेल तो. कुणीही." तिनं एका कागदावर मला एक कमांड लिहून दिली. "हे चालव आणि ताईंना बोट ठेवायला सांग. एकेका स्पर्शाचा आकडा समोर दिसेल."

त्या रविवारी मी आनेकलला पोचले तेव्हा क्लास संपून बायका निघून गेल्या होत्या. मी पाटावर लॅपटॉप ठेवला, काळ्या चौकटीत ती कमांड टाईप केली. आधी माझं बोट ठेवलं. ओळी झरझर वर सरकू लागल्या. साठ, बासष्ट, सत्तर. मी दाबून बघितलं, नव्वद. मग अक्काला म्हटलं, ठेव बोट. तिनं हलकंच ठेवलं. शंभर.

"आता रेष काढतेस तसं कर. त्याच्याकडे बघू नकोस."

ती खिडकीकडे बघत टचपॅडवर नुसताच मुंढा काढू लागली. आकडे वर चढत गेले. एकशे वीस. एकशे अठ्ठावीस. एकशे तीस ओलांडलं आणि त्या ओळीच्या शेवटी एक इंग्रजी शब्द उमटला. मी तो दोनदा वाचला.

"काय लिहिलंय?" अक्कानं विचारलं.

"तळहात."

"कुणाचा तळहात?"

"तुझं बोट. ते तुझ्या बोटाला तळहात समजतंय."

 अक्कानं स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मीही पहिल्यांदाच ते असं न्याहाळून बघत होते. तर्जनीचं पहिलं पेर रुंद, चपटं. कापडाचा उभा-आडवा धागा बोटानं चाचपायचा, शिवणीची घडी बोटानंच दाबून बसवायची, इस्त्री नंतर. असं वर्षानुवर्षं केल्यावर ते पेर जमिनीला पाऊल टेकावं तसं सबंध टेकायचं. मी टचपॅडला बोटाच्या टोकानं हात लावते. अक्का कशालाच टोकानं हात लावत नाही.

"आणि एकदा तळहात ठरला की मग?" तिनं विचारलं.

मी बघितलं. मैत्रिणीनं ते सांगितलं नव्हतं, पण ओळींत दिसत होतं. आकडा नंतर पुन्हा शंभरावर आला तरी शेवटचा शब्द बदलत नव्हता. "मग बोट उचलेपर्यंत तळहातच," मी म्हटलं.

"अय्यो," अक्का म्हणाली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "मला वाटत होतं मलाच जमत नाही. म्हातारपणी कशाला ही हौस, असं रोज मनात यायचं."

हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं. मी इतके दिवस हे कोडं म्हणून बघत होते. ती मात्र रोज सकाळी पाटाशी बसून स्वतःला दोष देत होती.

मी तिला सांगितलं, बोटाच्या टोकानं करून बघ. आठवडाभर तिनं अगदी मन लावून प्रयत्न केला. पुढच्या खेपेला तिनं काढलेली कटिंगं मी बघितली. बाण अडला नव्हता, पण गोलाई थरथरलेली होती, शिकाऊ पोरीनं काढल्यासारखी. "टोकानं मला कापड कळत नाही," ती म्हणाली. इथे कापड नव्हतंच, पण तिचा हात तसाच चालत होता. 

बोट बदलत नसेल तर आकडा बदलायचा. मैत्रिणीनं फोनवर सांगितलं त्याप्रमाणे मी एक लहानशी फाईल बनवली. चार ओळींची. ह्या मॉडेलच्या टचपॅडसाठी तळहाताची हद्द एकशे तीसवर न धरता दोनशेवर धर, एवढाच तिचा अर्थ. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं. अक्कानं बोट ठेवलं आणि मुंढा काढला. पाठ काढली. पुढचा भाग, त्यातले टक्स, बाही. एकदाही उचलावं लागलं नाही. मी शेजारी बसून थंड उप्पीट खात बघत होते. मला वाटलं, झालं काम.

काम झालं नव्हतं. प्रत्येक भागावर मापं लिहायची होती. अक्का एकेक अक्षर शोधत टाईप करते आणि तोपर्यंत हाताचं वजन लॅपटॉपवर टाकून बसते. "छाती" लिहिता लिहिता कर्सर उडाला आणि "ती" बाहीच्या टोकाला जाऊन पडलं. आता खरा तळहातही बोट ठरत होता.

"फार सैल केलंस," अक्का म्हणाली.

मग ती दुपार आम्ही तो आकडा शोधण्यात घालवली. एकशे नव्वद केला, तरी कर्सर उडाला. एकशे पन्नास केला, तर गोलाईच्या शेवटाला बाण अडला. दर वेळी फाईल बदलायची, बाहेर पडायचं, परत आत यायचं. अक्काला कंटाळा येईल असं मला वाटलं होतं, पण तिनं असल्या ट्रायल जन्मभर घेतल्या होत्या. "स्वल्प आत घे." "आता स्वल्प सोड." शेवटी एकशे सत्तरवर दोन्ही जमलं. "सरी, बरोबर," ती म्हणाली. "आता हात लावू नकोस."

खरं तर इथेच थांबता आलं असतं. अक्काचा लॅपटॉप चालू झाला होता. पण माझं डोकं थांबेना. त्या यादीत एकशे तीस कुणी लिहिलं? कुणाच्या हातावरून? मी ती यादी शोधून काढली. ती सगळ्यांना खुली आहे. कुठली ओळ कुणी कधी घातली तेही दिसतं. आमच्या मॉडेलची ओळ एका माणसानं काही वर्षांपूर्वी घातली होती. खाली एकच वाक्य, तळहात टेकल्यावर कर्सर उडतो म्हणून हद्द खाली आणली आहे.

मी तिथे तक्रार लिहायला बसले. दिवसभर दुसऱ्यांसाठी लिहिणारी बाई मी, पण ह्या दोन परिच्छेदांना मला चार दिवस लागले. हे लोक बिनपगारी काम करतात, आणि मी साधा प्रोग्रॅमही लिहीत नाही. माझ्या बहिणीचं बोट रुंद आहे, असं त्यांना कसं सांगायचं? मैत्रिणीनं माझा मजकूर वाचला आणि म्हणाली, "माफी मागितलीयस ती तीन वाक्यं काढ. आकडे ठेव." मी माफी काढली, आकडे ठेवले आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ज्यानं ती ओळ घातली होती त्याचंच. कुठल्या देशातला आहे ते त्यानं लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की तो लॅपटॉप तेव्हा त्याचा होता, त्यानं स्वतःचा हात मोजला, मग बायकोचा मोजला, आणि आकडा ठरवला. आता तो लॅपटॉप त्याच्याकडे नाही. "दोन माणसांचे हात माझ्यापाशी होते," अशा अर्थाचं त्याचं वाक्य होतं. "तुमच्याकडे आणखी हात आहेत का?"

मी अक्काला फोन केला. "तुझ्या क्लासला रविवारी किती जणी असतात?"

"सात. का?"

"त्यांचे हात हवेत."

त्या रविवारी क्लास अर्धा तास लवकर संपवला. बायकांना अक्कानं कन्नडमध्ये काय सांगितलं ते मी आतून ऐकत होते. माझी बहीण तुमची बोटं मोजणार आहे, घाबरू नका, अंगठा लावायचा नाही, कागदावर सही नाही, नुसतं बोट ठेवायचं. सगळ्या एका रांगेत पाटापाशी बसल्या. आधी प्रत्येकीनं तर्जनी ठेवून गोल काढायचा, मग टाईप करताना टेकतो तसा तळहात ठेवायचा. पहिल्या दोघी-तिघी संकोचल्या. मग त्यांची चढाओढच लागली. एकीचा आकडा पंचावन्नच्या वर जाईना. ती कारखान्यात बटणं लावायची. तिची बोटं बारीक आणि हात अलगद. सगळ्या तिला चिडवायला लागल्या. जाड डेनिमच्या पँटी शिवणारी एक होती, तिचं बोट एकशे छत्तीस. तिच्या शेजारची एकशे एकेचाळीस.

"हिलासुद्धा तळहात म्हणतंय?" अक्कानं वाकून विचारलं.

"जुन्या एकशे तीसवर म्हटलं असतं."

अक्कानं त्या दोघींचे हात हातात घेऊन बघितले. मग बटणं लावणारीचा बघितला. सात जणींना ती वर्षभर शिकवत होती, पण त्यांचे हात असे एकापाठोपाठ एक तिनंही कधी बघितले नसावेत. कोण खडू कसा धरते, कोणाची कात्री का वाकडी जाते, हे तिला त्या दिवशी कळलं, असं ती मागाहून म्हणाली. बटणं लावणारीला तिनं पुढच्या आठवड्यापासून जाड खडूऐवजी पेन्सिल दिली.

मला हवं होतं ते वहीत होतं. सर्वांत रुंद बोट आणि सर्वांत हलका तळहात यांच्यामध्ये जागा होती. फार नव्हती, पण होती. एकशे सत्तर त्या जागेत बसत होता. मी सगळी मोजणी त्या माणसाला पाठवली. त्याचे परत प्रश्न आले. बायका बसल्या कशा होत्या? लॅपटॉप टेबलावर होता की मांडीवर? मी लिहिलं, जमिनीवर, पाटावर. पाट म्हणजे काय ते समजावायला मला फोटो पाठवावा लागला. फोटोत अक्काची कात्री आली होती, तर त्यानं कात्रीबद्दलही विचारलं. मग मी त्याला विचारलं की तळहात ओळखायला आकड्याशिवाय दुसरं काही बघता येत नाही का. येतं, तो म्हणाला. टचपॅडच्या कडेला टेकलंय की मध्ये, टाईप चालू आहे की नाही, हेही बघतात. पण प्रत्येक उपाय कुणाच्या तरी हाताशी भांडतो. दोन आठवडे आमचा असा पत्रव्यवहार चालला. मी रोज सकाळी ऑफिसचं काम उघडण्याआधी तेच उघडायची.

शेवटी त्यानं नवा आकडा तयार केला आणि विचारलं की मोजणी कुणाच्या नावावर लिहू. असं लिहायची तिथे पद्धत आहे. मी अक्काला विचारलं.

"माझं नाव कशाला? जगभर लोक म्हणतील हिचं बोट जाड."

"मग काय लिहू?"

तिनं थोडा विचार केला. "आनेकलच्या शिवणाऱ्या बायका म्हणून लिही. तसं चालतं का?"

चाललं. बदलाच्या खाली इंग्रजीत तेवढंच लिहिलं गेलं. मी ते छापून नेलं. अक्कानं त्या बायकांना दाखवलं. डेनिमवालीनं तिथल्या तिथे फोनवर त्याचा फोटो काढला आणि विचारलं, आता हे सगळ्या लॅपटॉपात जाणार का? मी म्हटलं, सगळ्या नाही, ह्याच एका मॉडेलच्या, आणि त्यातही ज्यांच्यावर लिनक्स आहे त्यांच्या. तिचा थोडा हिरमोड झाला. मलाही ते सांगताना हा सगळा खटाटोप फार लहान वाटला.

पुढच्या अपडेटमधून तो बदल अक्काच्या लॅपटॉपवर यायला काही महिने गेले. आला त्या दिवशी मी माझी चार ओळींची फाईल काढून टाकली. अक्काला काहीच फरक कळला नाही, म्हणजे सगळं बरोबर होतं. तिची कटिंगं तोवर तयारही झाली होती, तीन मापांची. क्लासमधल्या चौघींनी ती घरी नेऊन पहिले ब्लाउज कापले. एकीचा मुंढा तंग झाला. तो दोष अक्काच्या आखणीचा होता. तिनं तो लगेच दुरुस्त करून नवा कागद छापला.

त्यानंतर एकदा दुपारी त्या जुन्या चर्चेखाली एक नवं पत्र आलेलं दिसलं. कुणी अनोळखी माणूस. त्याच्याकडे तोच लॅपटॉप होता. त्यानं लिहिलं होतं, अपडेटनंतर टचपॅड अचानक नीट चालू लागला, माझा टचपॅड खराब आहे असं समजून मी दोन वर्षं माऊसवर काढली, आभार. एवढंच.

मी लगेच अक्काला फोन लावून ते मराठीत वाचून दाखवलं. मागे कुकरची शिट्टी होत होती. तिनं गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"काय काम करतो तो?" तिनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मग विचार की."

मला जरा ओशाळं वाटलं, पण मी विचारलं. पाच-सहा दिवस काही आलं नाही. मग एक ओळ आली, मी बेकरीत आहे, रोज पहाटेपासून पीठ मळतो, पण ह्याचा काय संबंध?

मी त्याला अक्काच्या बोटाची सगळी हकीकत लिहायला घेतली. लिहिता लिहिता फोन वाजला. अक्काच होती. त्याचं उत्तर मी तिला सकाळीच कळवलं होतं.

"आणि एक विचार त्याला," ती म्हणाली. "पीठ मळणारे बोटांनी मळतात की मनगटाकडच्या भागानं? मग त्याचं टचपॅडवर नेमकं काय टेकत असेल?"